धरणावरची माणसे

नाताळ आटोपला की दोन दिवस सहलीला जायचे, हा आमच्या धर्मग्रामातील युवक संघटनेचा जुना शिरस्ता आहे. महिनाभर ही मुले गव्हाणी उभारतात, रात्री जागून गायनाचा सराव करतात, वस्तीवस्तीवर नाताळगीते घेऊन हिंडतात. त्यामुळे नाताळच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी काही मागितले तर धर्मगुरूला नाही म्हणणे जड जाते. २०२४ च्या डिसेंबरात त्यांनी भंडारदरा मागितला. तलावाच्या काठी तंबूत राहायचे, नावेतून फिरायचे, कळसूबाई चढायची आणि रविवारच्या मिस्साला परत यायचे, असा बेत पक्का करूनच ती मंडळी माझ्याकडे आली होती. मी "बघू" म्हटले. मुलांना वाटले, फादरांना थंडीची धास्ती आहे. खरे कारण वेगळे होते. मी याच जिल्ह्यात जन्मलो, याच जिल्ह्यात बरीच वर्षे सेवा केली; पण भंडारदऱ्याला कधी गेलो नव्हतो. जायचे टाळीत होतो, असे म्हटले तर ते अधिक खरे ठरेल.

आम्ही पाटाखालची माणसे. प्रवरेचे दोन पाट संगमनेरजवळच्या ओझर बंधाऱ्यापासून निघतात आणि राहाता, श्रीरामपूर, राहुरीच्या रानांना पाणी देत जातात. आमच्या भागात भंडारदरा हे गावाचे नाव कमी आणि तारखेचे नाव अधिक. "भंडारदऱ्याचं आवर्तन कधी?" या एका प्रश्नावर उसाचे, घासाचे, कधी कधी मुलीच्या लग्नाचेही गणित बसविले जाते. पाटकरी कोण, चारी कोणाची, दारे धरायची पाळी दिवसाची की रात्रीची, या भाषेत मी वाढलो. माझे आजोबा, ज्यांना आम्ही आबा म्हणत असू, जन्मभर दुसऱ्याच्या शेतात रात्रीची दारे धरीत आले. स्वतःची जमीन नव्हती. एक कंदील, एक खोरे आणि अंगावर घोंगडी, एवढे घेऊन ते निघत. नाताळच्या मध्यरात्री मेंढपाळांचा उतारा वाचताना आजही माझ्या डोळ्यांसमोर मेंढ्या येत नाहीत. वाफ्यात पाणी सोडून बांधावर उकिडवे बसलेले आबा येतात.

हे आबा भंडारदरा हा शब्द मात्र कधी उच्चारीत नसत. ते नुसते 'धरण' म्हणत. "आम्ही धरणावर होतो तेव्हा..." असे कधीतरी त्यांच्या तोंडून निघे आणि वाक्य तेथेच थांबे. ते पुढे का जात नाही, हे मला फार उशिरा कळले.

अखेर मी होकार दिला. शुक्रवारी, २७ डिसेंबरला सकाळी आमची बस निघाली. छत्तीस मुले-मुली, दोन सिस्टर्स, आमचे मास्तर आणि मी. कोल्हार-घोटी रस्त्याने लोणी, संगमनेर, अकोले मागे टाकीत विठे घाट चढलो आणि मुलुख बदलला. ऊस संपला, भाताची कापून झालेली खाचरे दिसू लागली. घरे उतरत्या छपरांची झाली. आपल्या जिल्ह्याला आता अहिल्यानगर म्हणतात. त्याच्या पूर्वेकडच्या तालुक्यांत वर्षाकाठी जेमतेम पाचशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि पश्चिमेच्या टोकाला घाटघरला एका पावसाळ्यात चार-पाच हजार. एकाच जिल्ह्याचे नकाशावरचे रंग एक. पण आभाळ दोन, असे मास्तर म्हणाले ते खोटे नव्हे.

राजूरला चहासाठी थांबलो. हे गाव मला एकदम आवडले. बाजारपेठ लहान, पण गजबज मोठी. पेढ्यांची दुकाने, आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय, मुलामुलींची वसतिगृहे आणि सत्यनिकेतन संस्थेचे ॲड. एम. एन. देशमुख महाविद्यालय. वरच्या बाजूला भंडारदरा, खालच्या बाजूला निळवंडे. दोन धरणांच्या पाण्यामध्ये हे शिक्षणाचे गाव वसले आहे. आम्ही पोचलो तेव्हा तास नुकतेच सुटले होते. वह्या छातीशी धरलेल्या मुली, पाठीवर पिशव्या टाकलेली मुले एस.टी.ची वाट पाहत उभी होती. कोणी घाटघरची, कोणी साम्रदची, कोणी रतनवाडीची. त्यांतील कित्येकांच्या घरात कॉलेजची पायरी चढणारे ते पहिलेच असणार. मिशनच्या बोर्डिंगात पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन पहिल्यांदा शिरलेला मी मला आठवलो. आमच्या बसमधील मुलांनी मात्र खिडकीतून त्यांच्याकडे सहलीला आलेले लोक पाहतात तसे पाहिले. पाहणे वाईट नव्हते. वरून खाली होते इतकेच.

शेंडी गावाशी आलो आणि धरणाची भिंत दिसली. सगळी दगडी. १९१० साली काम सुरू झाले आणि १० डिसेंबर १९२६ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांनी त्याचे उद्घाटन केले. म्हणून कागदोपत्री ते विल्सन डॅम. २०२६ हे त्या उद्घाटनाचे शताब्दी वर्ष. सुमारे दोनशे सत्तर फूट उंच, पोटात अकरा टी.एम.सी. पाणी. दुष्काळाने वारंवार होरपळणाऱ्या नगरच्या रानांसाठी सरकारने हा घाट घातला होता. दुष्काळाने उपाशी झालेल्या माणसांच्याच हातांनी तो बराचसा उभा राहिला, हे गव्हर्नरांच्या नावाच्या पाटीवरून कळत नाही. एकेक दगड कोणीतरी फोडला, कोणीतरी उचलला. मुले भिंतीकडे पाठ करून छायाचित्रे काढीत होती. मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो.

दुपारी नावेतून रतनवाडीला गेलो. डिसेंबरचा तलाव काठोकाठ, निळा आणि इतका स्थिर की रतनगड त्यात उलटा टांगल्यासारखा दिसत होता. त्याच्या माथ्यावरचे नेढे, म्हणजे कड्याला आरपार पडलेले भोक, नावाड्याने बोट करून दाखविले. याच गडाच्या अंगावर प्रवरा उगम पावते. पायथ्याशी अमृतेश्वराचे शिलाहारकालीन मंदिर आहे. त्याच्या दगडी कोरीवकामापुढे आमच्या चर्चच्या सिमेंटच्या कमानीचा मला थोडा संकोच वाटला. हीच नदी पुढे नेवाशाला जाते, जेथे १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली, आणि प्रवरासंगमला गोदावरीला मिळते. एका नदीकाठी किती प्रकारची प्रार्थना झाली आहे!

संध्याकाळी तंबूंच्या जागेवर आलो. काठावर रंगीत तंबूंची रांग, मधे शेकोटी, एका बाजूला चुलीवर भाकऱ्या. गेल्या काही वर्षांत तलावाभोवतीच्या गावांना हा नवा धंदा सापडला आहे. मे अखेरीस काजवे पाहायला, पावसाळ्यात धबधबे पाहायला आणि हिवाळ्यात नुसते थंडीत कुडकुडायला शहरांतून माणसे येतात. कडाक्याच्या थंडीसाठी पैसे मोजावेत, ही कल्पना आबांना समजावून देणे मला जमले नसते. आमच्या दिमतीला तीन तरुण होते. त्यांतील एक राजूरच्या कॉलेजात कला शाखेच्या तिसऱ्या वर्षाला होता. सोमवार ते शुक्रवार राजूरला खोली घेऊन राहायचे, शनिवार-रविवार तंबूंवर काम करायचे आणि त्यातून खोलीचे भाडे भागवायचे, असा त्याचा क्रम. त्या दिवशी तास संपवून तो थेट इकडे आला होता. कदाचित राजूरच्या एस.टी.च्या रांगेत आमच्या खिडकीसमोरच उभा असेल.

जेवणाला उशीर झाला. मुले भुकेजली होती. आमच्यापैकी एकजण (नाव सांगत नाही, त्याच्या घरी हा अंक येतो) ताटावरून ओरडला, "ए, पाणी आण रे!" तो तरुण धावत गेला आणि जग घेऊन आला. मी ते ऐकले. माझ्या शेजारी बसलेल्या सिस्टरनीही ऐकले आणि माझ्याकडे पाहिले. मी भाकरी मोडीत राहिलो. रागवायला हवे होते, की नंतर एकीकडे बोलावून सांगायला हवे होते, याचा विचार करता करता वेळ निघून गेली. धर्मगुरूंचे पुष्कळसे मौन असेच असते.

जेवणानंतर मुले गाणी म्हणत बसली. मी शेकोटीच्या दुसऱ्या टोकाला गेलो, तेथे तो तरुण निखारे सारखे करीत होता.

"सर, तुम्ही कुठले म्हणायचे?" त्याने विचारले.

मी गावाचे नाव सांगितले. त्याला ते ठाऊक नव्हते. प्रवरेच्या पाटावरचे, एवढे म्हटल्यावर त्याचा चेहरा खुलला.

"म्हणजे आमच्या पाण्यावरचे!"

त्यात कडवटपणा नव्हता. नाते सापडल्याचा आनंद होता. पण मला ते शब्द लागले. मग तो सांगत गेला. पणजोबांची खाचरे या तलावाखाली आहेत. ते वर उतारावर सरकले. वरच्या पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये बायका हंडे घेऊन झऱ्याशी रात्र रात्र बसतात, कुठे टँकर येतो. खाली एवढे पाणी दिसत असते. पण ते आवर्तनाने खाली जायचे असते. "दिसतं, पण चढत नाही," असे तो म्हणाला. आमच्या रानात पाणी चढाला चढविण्यासाठी किती मोटारी लावल्या आहेत, ते मला आठवले. निळवंड्याचा डावा कालवा २०२३ साली वाहू लागला तेव्हा संगमनेर, राहात्याच्या कोरड्या गावांत पाण्याची पूजा झाली, पेढे वाटले गेले. तो आनंद खराच होता. पन्नास वर्षे लोकांनी वाट पाहिली होती. त्या पाण्याखाली ज्यांची जमीन गेली त्यांच्याकडे त्या दिवशी कोणी पेढे पाठविले की नाही, कोण जाणे.

मी त्याला विचारले, "हे धरण बांधताना बाहेरून आलेले मजूर कुठे राहायचे?"

त्याने माझ्याकडे निरखून पाहिले. "आमचा आजा दाखवायचा, सर. धरणाच्या खालच्या अंगाला. परमुलखातली माणसं झोपड्या घालून होती म्हणायचा. तापात माणसं गेली, ती तिथंच उताराला पुरली. आता काही नाही तिथं. कारवी आणि दगडं. बघायचंय का?"

मी हो म्हटले. रात्री तंबूत झोप आली नाही.

आता आबांचे ते अर्धे राहिलेले वाक्य सांगतो. १९८५ साली दहावीनंतर मी सेमिनरीत जायला निघालो, त्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी ते मला पुरे करून सांगितले. १९१८ साल. पाऊस गेला होता. आबा दहा वर्षांचे. माझे पणजोबा-पणजी दोन मुलांना घेऊन धरणावर खडी फोडायला गेले. एक आबा आणि दुसरी तीन महिन्यांची मुलगी. घर ख्रिस्ती होण्याच्या वाटेवर होते. मास्तरांकडून धर्मशिक्षण सुरू झाले होते. पण बाप्तिस्मा लांबला होता. त्याचे कारण थेट युरोपातील महायुद्धात होते. नगर जिल्ह्यातील आपल्या मिशनची घडी बसविली ती मुख्यत्वे जर्मन येशूसंघीय धर्मगुरूंनी. १९०३ साली केंदळला 'निरोप्या' सुरू करणारे फादर हेन्री डोरिंग त्यांच्यापैकीच. युद्ध पेटल्यावर इंग्रज सरकारने या जर्मन फादरांना शत्रूराष्ट्राचे नागरिक म्हणून नजरकैदेत टाकले आणि पुढे मायदेशी पाठविले. मागे राहिलेल्या मोजक्या धर्मगुरूंवर अनेक गावांचा भार पडला. आमच्या वस्तीवर फादर येतील तेव्हा सगळ्या घराचा बाप्तिस्मा करायचा, असे ठरले होते. फादर यायच्या आत दुष्काळ आला, आणि दुष्काळामागून मानमोडी.

मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएन्झा. एकट्या हिंदुस्थानात त्याने एक कोटीहून अधिक माणसे नेली. धरणावरच्या झोपड्यांत तो शिरला तेव्हा बाळाला ताप भरला. पणजीही तापाने पडलेली. पणजोबा कामावर. मास्तरांनी धर्मशिक्षणात एक गोष्ट सांगून ठेवली होती: मरण समोर असेल आणि फादर जवळ नसेल तर कोणीही पाणी ओतून, पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देऊ शकतो. पणजीला ते आठवले. झोपडीतली घागर रिकामी होती. तिने दहा वर्षांच्या आबांना लोटा देऊन नदीवर पिटाळले.

आबा पळत गेले. पळत आले. आले तेव्हा मूल थंड पडले होते.

१९२० साली घराचा बाप्तिस्मा झाला. त्या धर्मग्रामाच्या लॅटिन नोंदवहीत पणजोबा, पणजी आणि बारा वर्षांचे आबा, अशी तीन नावे एकाखाली एक मी पुढे स्वतः पाहिली. बाळाची नोंद नाही, असणार कशी? तिचे बारसेही झाले नव्हते. पणजीने फादरांना विचारले, माझी लेक कुठे आहे? फादर भले होते. त्या काळच्या पुस्तकांत होते ते त्यांनी सांगितले. तिला यातना नाहीत, ती सुखात आहे. पण देवाचे दर्शन तिला नाही. लिम्बो हा शब्द पणजीला कळला नसेल. तिला एवढेच कळले की आपली आणि तिची गाठ पडायची नाही. मरेपर्यंत ती रोज संध्याकाळी माळ घेऊन बसे, आणि शेवटी सर्व मृतांसाठी प्रार्थना झाली की थोडा वेळ गप्प राही. त्या गप्प राहण्यात कोण आहे, हे घरात सगळ्यांना ठाऊक होते.

आबांच्या उशाशी रात्री पाण्याने भरलेला लोटा असे. मला वाटायचे, त्यांना तहान लागत असेल.

"फादर झालास की एक विचार," त्या संध्याकाळी ते मला म्हणाले. "कोणाही मोठ्या फादरला विचार. माझा पाय कमी पडला का?"

पुढच्या वर्षी आबा गेले. मी त्यांचा प्रश्न कोणालाच विचारला नाही. पुण्याच्या सेमिनरीत साक्रामेंतांचा विषय शिकताना एकदा प्राध्यापकांनी सांगितले की लिम्बो ही ख्रिस्तसभेने कधीही बंधनकारक म्हणून शिकविलेली गोष्ट नाही. ते ईशज्ञानी पंडितांचे एक मत होते. मी ते वहीत लिहून घेतले, खाली रेघ मारली आणि परीक्षेत उत्तर लिहून चांगले गुण मिळविले. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात परिच्छेद १२६१ मध्ये अशा बालकांना देवाच्या दयेवर सोपविण्याविषयी आणि त्यांच्या तारणाची आशा बाळगण्याविषयी लिहिले आहे. २००७ साली रोममधील आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने याच आशेवर सविस्तर निवेदन काढले. १९८३ च्या धर्मसभेच्या कायद्यातील ११८३ व्या कलमाप्रमाणे, आईबापांची बाप्तिस्मा देण्याची इच्छा असताना मूल गेले, तर महागुरूंच्या परवानगीने त्याचा अंत्यविधी ख्रिस्ती रीतीने करता येतो. म्हणजे आबांनी मला प्रश्न सोपविला त्याच्या दोन वर्षे आधी हे कलम छापून झाले होते. आमच्या घरापर्यंत ते पोचले नव्हते. ते पोचविणे हे ज्याचे काम, तो मी.

आणि माझ्या हातून झालेली गोष्टही येथे सांगितली पाहिजे. दीक्षेनंतर पहिल्याच धर्मग्रामात एका बाईचे मूल जन्मतःच गेले. बाप दारात उभा राहून विचारू लागला, फादर, माती कुठे द्यायची? मला दुपारी दुसऱ्या गावी मिस्सा होती. दफनभूमीच्या कुंपणालगत पूर्वीपासून अशा मुलांसाठी एक कोपरा होता. तो मी बोटाने दाखविला आणि मोटारसायकलला लाथ मारली. ते कलम तेव्हा मला पाठ होते. पुढे दहा वर्षांनी त्या चर्चच्या सणाला गेलो, तेव्हा ती बाई भेटली. तिने आग्रहाने घरी नेऊन चहा दिला. आम्ही पावसापाण्याचे बोललो.

शनिवारी, २८ डिसेंबरला पहाटे तलावाच्या काठी मिस्सा होती. निष्पाप बालकांचा सण. हेरोदाने मारविलेली बेथलेहेमची ती तान्ही मुले. त्यांपैकी एकाचाही पाण्याने बाप्तिस्मा झाला नव्हता आणि ख्रिस्तसभा त्यांना संत म्हणते. दरवर्षी मी या दिवशी मिस्सा करतो. हे वाक्य मात्र त्या पहाटेच पहिल्यांदा मला ऐकू आले. पाण्यावर धुके होते. लाल झग्याच्या आत दोन स्वेटर घालून मी उभा होतो. घडीच्या टेबलावर वेदी मांडली होती आणि वाऱ्याने मेणबत्त्या दोनदा विझल्या. तरुणांसाठी प्रवचन तयार होते, ते खिशातच राहिले. बाप्तिस्म्याविना गेलेल्या आपापल्या घरातील मुलांसाठी प्रार्थना करू या, एवढेच मी म्हणालो. क्षणभर शांतता पसरली. मग मास्तरांच्या तोंडून एक हुंदका फुटला. तीस वर्षे आम्ही एकमेकांना ओळखतो. त्यांच्या घरातले मला काहीच ठाऊक नव्हते.

मिस्सानंतर मुले बारीकडे रवाना झाली. कळसूबाई हे १६४६ मीटरचे, राज्यातील सर्वांत उंच शिखर. लोखंडी शिड्यांची वाट आता सोपी झाली आहे, असे म्हणतात. माझ्या गुडघ्यांनी त्यावर विश्वास ठेवला नाही. त्या तरुणाबरोबर मी धरणाच्या खालच्या अंगाला निघालो.

वाट अशी नव्हतीच. वाळलेले गवत, कारवीची झुडपे, मधूनच मोठे धोंडे. वीस-पंचवीस मिनिटे चालल्यावर तो थांबला आणि पायांतले बूट काढून ठेवले. "इथंच म्हणायचा आजा." कसलीही खूण नव्हती. दगड होते, पण दगड सगळीकडेच होते. हाच तो उतार की शेजारचा, हे सांगणारा आता कोणी उरलेला नाही. खाली दरीत प्रवरेचे पात्र दिसत होते आणि वरच्या बाजूला ती भिंत, उन्हात काळपट.

तोवर मी त्याला सगळी हकीगत सांगितली होती. मी खाली नदीकडे पाहत असताना त्याने विचारले, "सर, पाणी त्या पात्रातून आणायला गेले होते ना? किती वर्षांचे होते म्हणालात?"

"दहा."

त्याने नजरेने उतार मोजला. रोज हंडे वाहणाऱ्या घरातला मुलगा तो. त्याचे मोजमाप माझ्यापेक्षा पक्के होते.

"भरलेला लोटा घेऊन? न सांडता? जाऊन-येऊन अर्धा-पाऊण तास, सर. मोठा माणूस पळाला तरी. मला नाही जमायचं त्याच्या आत."

एकशे सहा वर्षांनी आबांच्या प्रश्नाला उत्तर मिळाले, आणि ते कोणा मोठ्या फादरने दिले नाही. मी गळ्यात स्टोला घातला. बाप्तिस्म्यापूर्वी मरण पावलेल्या बालकासाठी अंत्यविधीच्या ग्रंथात प्रार्थना आहे, ती म्हटली. प्रार्थनेत नाव घ्यायची जागा येते. तेथे मी थांबलो. मग 'आबांची बहीण' असे म्हटले आणि पुढे गेलो. नंतर पणजीसाठी एक नमो मरिया म्हटली. तो तरुण हात जोडून उभा होता. परत फिरताना म्हणाला, "म्हणजे ती आमच्यातच राहिली म्हणायची."

दुपारी मुले उतरली, लंगडत आणि उन्हाने लाल होऊन. 'पाणी आण' म्हणणारा बहाद्दर बसमध्ये बसताक्षणी घोरू लागला. त्याला सांगायचे ते राहूनच गेले. पुढे एका रविवारी सांगितले, त्याने खाली मान घालून ऐकले. वाटेत रंधा धबधबा पाहिला, डिसेंबरात तो अगदीच रोडावलेला होता. तो तरुण राजूरपर्यंत बसमध्ये आला. सोमवारी त्याचा निबंध द्यायचा होता, शेतीच्या अर्थशास्त्रावर. उतरताना मी त्याच्या हातात काही पैसे ठेवू लागलो, तेव्हा तो म्हणाला, "तंबूचे मिळालेत, फादर." सर जाऊन फादर कधी आले, ते माझ्या लक्षात आले नाही. शेवटी पेढ्यांचा एक पुडा त्याने घेतला आणि त्यातला पहिला पेढा मलाच दिला.

दुसऱ्या दिवशी पवित्र कुटुंबाचा सण होता आणि मिस्सानंतर तीन बाप्तिस्मे. आमच्या गावच्या नळाला येते ते पाणी पाटावर भरणाऱ्या तळ्यातले. सॅक्रिस्टनने नेहमीप्रमाणे नळाखाली जग भरून ठेवला होता. तिसरे मूल फार रडले. त्याची आई घाबरून म्हणाली, "फादर, पाणी गार आहे का?" मी बोट बुडवून पाहिले. गार होते. थोडे कोमट पाणी आणवून त्यात मिसळले, मग ओतले.

संध्याकाळी फोन आला. काठावरून भरून घेतलेली पाण्याची एक बाटली मी तंबूतच विसरलो होतो. दफनभूमीत आबांच्या मातीवर ओतायची म्हणून ती घेतली होती. पण हे मी कोणाला सांगितले नव्हते.

"फादर, बाटली राहिली तुमची. कोणाबरोबर पाठवू का?"

"असू दे रे," मी म्हटले.

"बरं," तो म्हणाला. "तसंही आवर्तन सुटलं की येईलच ते तिकडं."